मिरजेच्या फेऱ्या आणि पेट्रोलची वही

आमच्या घरापासून मिरजेचा दवाखाना ४२ किलोमीटर. जाऊन येऊन ८४. आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे २५२. वर्षाचा हिशेब केला तर १३ हजार किलोमीटरच्या वर जातो. आमच्या ह्यांची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हापासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे तीन दिवस आमचे राहिले नाहीत, ते मिरजेचे झाले. सण असो, भावकीतले लग्न असो की द्राक्षाची काढणी असो, डायलिसिस चुकवून चालत नाही. चार तास सुया टोचून पडून राहायचे आणि पुन्हा घर गाठायचे.

दवाखान्याच्या खर्चात आपल्याला काटकसर करता येत नाही. औषधात तर नाहीच नाही. आपल्या हातात राहते ते येण्याजाण्याचे पेट्रोल. म्हणून मी त्याची वही घातली. द्राक्षबागेच्या फवारणीची वही आमच्या घरात पहिल्यापासून आहेच, तिच्याच शेजारी ही दुसरी. त्या वहीतून जे कळले ते लिहिते आहे.

गाडीची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंच्या घरी द्राक्षाला फारच भाव मिळालेला दिसतो. गाडी थोरल्याची. २०२३ साली त्याने ती पुण्यात घेतली आणि पुढच्या वर्षी कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी जपानला पाठवले. पुण्यात उभी राहून गंजण्यापेक्षा ती गावी आली. टोयोटाची हायरायडर, हायब्रीड. हिचीच जुळी बहीण मारुतीची ग्रँड व्हिटारा. दोघी २०२२ साली बाजारात आल्या. थोरला म्हणतो, जपानात ह्या गाड्यांची नवलाई कधीच संपली. तिथे टोयोटाची प्रियस १९९७ च्या डिसेंबरातच विक्रीला आली होती.

गावात गाडी आली तेव्हा ज्याने त्याने एकच प्रश्न विचारला, "वहिनी, चार्जिंगला युनिट किती जातात?" एकही जात नाही. हिला वायर लावायची सोयच नाही. पोटात पेट्रोलचे दीड लिटरी इंजिन आहे आणि जोडीला विजेची मोटार आहे. मोटारीला वीज पुरवणारी बॅटरी मागे डिकीच्या तळाशी आहे. ही बॅटरी केवढी? जेमतेम पाऊण युनिटची. तुमच्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार एवढ्या विजेवर बारा मिनिटे चालेल आणि बंद पडेल. मग ह्या इवल्याशा बॅटरीचा उपयोग काय? बाजाराच्या दिवशी बाई कनवटीला सुटे पैसे ठेवते, तसा. सारखे काढायचे, सारखे भरायचे. गाडी थांबायला लागली की तीच मोटार उलटी होऊन जनित्राचे काम करते आणि चाकांचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत भरते. साध्या गाडीत हा वेग ब्रेक तापवण्यात वाया जातो. गाडी हलवताना किंवा रांगेत पुढे सरकताना ती वीज खर्च होते आणि इंजिन गप्प बसते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवायला पाहिजे. ही वीज फुकटची नव्हे. गाडीतला प्रत्येक कण शेवटी पेट्रोलमधूनच आलेला आहे. इंजिनाने कमावलेले मोटार खर्च करते, एवढेच. हे ज्याला कळत नाही तो ईव्हीचे बटण दाबून गाडी जबरदस्तीने विजेवर पळवतो आणि खूश होतो. बॅटरी उतरली की तेच इंजिन दुप्पट जोराने घुमून ती पुन्हा भरते आणि भरताना थोडी गळती होतेच. पाटाने पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यायचे म्हटले की वाटेत जिरणारच. म्हणून ते बटण मी दाबत नाही. कधी विजेवर जायचे आणि कधी पेट्रोलवर, हे गाडीला बरे कळते.

सुरुवातीचे पाच महिने गाडी माझ्या पुतण्याकडे होती. पोरगा गुणी आहे, पण पाय जड. सरासरी पडत होती लिटरला १९ किलोमीटर. सरकारी चाचणीतला आकडा २७.९७ आहे. तो आकडा यंत्राच्या रुळांवर ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो. तिथे समोरून उसाची गाडी येत नाही की म्हैस आडवी जात नाही. तेव्हा तो आपल्या वाट्याला येईल अशी आशा धरू नये. पण १९ आणि २८ मध्ये अंतर बरेच आहे.

२०२५ च्या जानेवारीत बागेत माल तयार झाला, व्यापारी फेऱ्या मारू लागले, आणि पुतण्याला तीन तीन दिवस सोडणे परवडेना. तेव्हा चाक माझ्याकडे आले. मला गाडी चालवता येत होती. लग्नानंतर चार वर्षांनी, १९९१ साली, सासऱ्यांनीच मला जीप शिकवली होती. गावाला तेव्हा ते नवल वाटले होते, पण सासरे म्हणाले होते, "घरात एक तरी माणूस न पिता गाडी चालवणारे पाहिजे."

आता ह्यांच्याविषयी. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. रक्तदाब खाली येतो, मळमळते, एखादा जोराचा हिसका बसला तर ओकारी येते. पुतण्याबरोबर येताना ते मागच्या सीटवर दांडी धरून बसत. ज्या माणसाने चाळीस वर्षे रात्री-अपरात्री उठून उसाला पाणी पाजले, त्याला आता दिवसाचे पाणी मापून लिटरभर मिळते, आणि तरीही तो तक्रार करत नाही. गाडीच्या हिसक्यांचीही त्यांनी केली नाही. मलाच ते बघवेना. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एकच ठरवले की मागे बसलेल्या माणसाला गाडी थांबली कधी आणि निघाली कधी हे कळता कामा नये. पेट्रोलचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता. पहिल्या महिन्याची वही मांडली तेव्हा सरासरी २२ निघाली. पुतण्याला वाटले, टाकीच पुरती भरली नसेल.

मग मी लक्ष घालू लागले. गाडीत डाव्या बाजूला एक काटा आहे. त्याचे तीन भाग आहेत, चार्ज, इको आणि पॉवर. पाय दाबला की काटा वर पॉवरकडे जातो, पाय उचलला की खाली चार्जमध्ये येतो. मी स्पीडच्या काट्याइतकेच ह्या काट्याकडे बघते. ह्याच्याइतका खरा मास्तर दुसरा नाही.

पुष्कळांना वाटते की पेट्रोल वाचवायचे म्हणजे गोगलगायीसारखे निघायचे. ते तसे नाही. अगदी हळूहळू वेग वाढवला तर इंजिन बराच वेळ अर्धवट ओझ्यावर चालत राहते, आणि त्या अवस्थेत ते पेट्रोलचा पुरता मोबदला देत नाही. काटा इकोच्या वरच्या कडेला ठेवून सरळ ५०-६० पर्यंत जावे. मग पाय थोडा उचलावा. इंजिन बंद होते. पुन्हा पिसासारखा हलका पाय ठेवला की सपाट रस्त्यावर गाडी विजेवर बरीच पुढे जाते. वेग उतरला की पुन्हा इंजिनाला कामाला लावावे. मला माझ्या आजोळची मोट आठवते. मोटेच्या धावेला मुद्दाम उतार दिलेला असे. बैल उतारावर चालत जाताना मोट वर येई, म्हणजे ओढायला त्यांचे स्वतःचे वजनही कामाला येई. येताना मोट रिकामी, तेव्हा चढ जाणवत नसे. जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे त्या धावेतच बांधलेले होते. गाडीचेही तसेच आहे, फक्त धाव आपल्याला डोळ्यांनी हुडकावी लागते.

ब्रेकविषयी मला सगळ्यांत जास्त सांगायचे आहे, कारण खरा पैसा तिथे आहे. आमच्या दारापासून मिरजेच्या दवाखान्यापर्यंत ३१ गतिरोधक आहेत. मी मोजले आहेत. काही पट्टे मारलेले, काही गावकऱ्यांनी रातोरात घातलेले. पुतण्या गतिरोधकापाशी पोचून ब्रेक मारायचा. मोटार ठराविक जोरापर्यंतच वीज भरू शकते. ब्रेक जोराने दाबला की उरलेले काम लायनरला करावे लागते, आणि तिथे वेगाची फक्त उष्णता होते. मी दीडशे-दोनशे मीटर आधीच पाय उचलते. काटा चार्जमध्ये जातो, गाडी आपोआप मंदावते, शेवटी ब्रेकला नुसता पाय लावते. त्यातही सगळे परत मिळत नाही, काही भागच मिळतो. म्हणून सगळ्यांत चांगला ब्रेक म्हणजे न दाबलेला ब्रेक. सांगलीत सिग्नल लांबून लाल दिसला तर धावत जाऊन रांगेत उभे राहण्यात काय मिळते? हळूहळू जावे, बहुतेक वेळा पोचेपर्यंत तो हिरवा होतो.

नोव्हेंबरपासून आमच्या रस्त्यावर उसाची वाहतूक सुरू होते. दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, मागे सगळ्यांची रांग. साध्या गाडीवाल्याचे पेट्रोल इथे पाण्यासारखे जाते. हायब्रीडला मात्र हीच रांग मानवते, कारण ताशी १५-२० च्या चालीला इंजिन बहुतेक बंदच असते. पुतण्याला ह्या रांगेत राहवत नसे. तो फट दिसली की पुढे घुसायचा आणि काटा पॉवरला टेकायचा. मी ट्रॉलीच्या मागे अंतर ठेवून निवांत चालते. (जाता जाता ट्रॉलीवाल्यांना एक विनंती, मागे लाल रिफ्लेक्टर लावा हो. संध्याकाळी तुमची ट्रॉली दिसत नाही, नुसता ऊस दिसतो, आणि तोही जवळ आल्यावर.)

मोकळ्या रस्त्यावर मात्र हायब्रीडची जादू ओसरते. तिथे थांबणे नाही, म्हणजे परत मिळवणे नाही. तिथे एकच शत्रू, वारा. ताशी ७० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध दुपटीने वाढतो. मी ७० च्या वर जात नाही. पुतण्यापेक्षा मला सात-आठ मिनिटे जास्त लागतात. खाटेवर चार तास पडायचे असते तिथे आठ मिनिटांनी काय बिघडते?

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची खोड जीपवाल्यांची जुनी आहे. ती ह्या गाडीत अजिबात करू नये. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही, आणि गाडीवरचा ताबा जातो तो वेगळाच. गेल्या चैत्रानंतर ह्यांना बरे वाटत होते तेव्हा आम्ही जोतिबाला गेलो. डोंगर उतरताना बॅटरी भरभर भरली आणि अर्ध्या वाटेतच काठोकाठ झाली. हिशेब सोपा आहे. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी तीनशे मीटर खाली उतरते तेव्हा तिच्यातून सव्वा युनिटाहून थोडी जास्तच ताकद मोकळी होते, आणि आपली कणगी पाऊण युनिटाची. भरल्यावर मग पेट्रोल न जाळता इंजिन नुसते घुमवून गाडी स्वतःला आवरते. त्याचा आवाज येतो, घाबरू नये. लांब उतारावर गिअरचा दांडा 'बी' वर घ्यावा. पण तो ब्रेक तापू नयेत म्हणून, पेट्रोल वाचावे म्हणून नव्हे.

पुतण्या दवाखान्याबाहेर एसी लावून गाडीत झोपायचा. गाडी शांत असते म्हणून वाटते की काही जळत नाही. पण बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते, पुन्हा बंद होते, आणि असे चार तास चालते. मी गाडी सावलीत लावते आणि लिंबाच्या पारावर बसते. तिथे बायका भेटतात, डब्याची देवाणघेवाण होते, आणि वहीही तिथेच लिहून होते. येताना एसी २६ वर. ह्यांना डायलिसिसनंतर थंडी वाजतेच.

गिरणीला, सोसायटीत, मळ्यापर्यंत अशा फेऱ्यांना ही गाडी काढू नये. इंजिन थंड असते तेव्हा ते गरम होईपर्यंत सुरूच राहते, बॅटरी भरलेली असली तरी. एक आठवडा मुद्दाम गावातल्याच फेऱ्या मोजल्या, तर लिटरला १६ च्या पुढे गेली नाही. त्यापेक्षा मिरजेच्या दिवशीच सांगलीच्या मार्केट यार्डातली कामे, बागेची औषधे, किराणा उरकून घ्यावा. इंजिन तापलेलेच असते. फक्त गंधकाची आणि खताची पोती डिकीत टाकू नयेत. वजन तर वाढतेच, शिवाय बॅटरीला थंड हवा देणारी एक जाळी गाडीत असते. ती कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावे आणि तिथे धूळ बसू देऊ नये. बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते, पण ती आहे म्हणून तिला गंधक खाऊ घालायचे कारण नाही.

चाकातली हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरून घ्यावी. ह्यात सांगण्यासारखे काही नाही, फक्त करण्यासारखे आहे.

इथेनॉलबद्दल आमच्यासारख्या ऊसवाल्यांच्या घरात बोलणे जरा नाजूक असते. २०२५ साली देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. आपला ऊस कारखान्याला जातो आणि त्यातला काही आपल्याच टाकीत परत येतो, ही गोष्ट शेतकऱ्याला गोडच वाटणार. पण एक लिटर इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. म्हणजे वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सात टक्क्यांच्या आसपास ताकद कमी. त्यासाठी बांधलेले इंजिन त्यातली काही तूट भरून काढते, सगळी नाही. मी हे वाचून दाखवले तेव्हा हे म्हणाले, "म्हणजे उसाचं बिल आपुनच भरतोय म्हन की." दवाखान्यातून येताना ते हसले, असे त्या महिन्यात पहिल्यांदाच झाले.

मोजायची रीत साधी आहे. एकच पंप, टाकी पूर्ण, नळी आपोआप बंद पडली की थांबायचे, आणखी ठोकून भरायचे नाही. मागच्या वेळेपासूनचे किलोमीटर भागिले आत्ताचे लिटर. गाडीच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो आमच्या गाडीत वहीपेक्षा लिटरमागे एक किलोमीटरभर जास्त निघतो. म्हणून मी वहीवर विश्वास ठेवते. वहीप्रमाणे मार्च २०२५ पासून वर्षाची सरासरी २४.६ पडली, पावसाळ्यात २३. पेट्रोल १०५ रुपये धरले, तर पुतण्याच्या १९ च्या मानाने ह्या मिरजेच्या फेऱ्यांत वर्षाचे १५० लिटरच्या वर वाचले. सोळा हजार रुपये. डायलिसिसच्या घरात सोळा हजारांना काय किंमत असते ते ज्यांच्या घरी डायलिसिस आहे त्यांना सांगायला नको.

तरी कोणी विचारले, "वहिनी, घेऊ का हायब्रीड?" तर मी एकदम हो म्हणत नाही. तशाच साध्या गाडीपेक्षा ही दोन लाखांच्या वर महाग पडते. साधी गाडी लिटरला १५ देईल असे धरले, तर माझ्याइतके फिरणाऱ्याचे वर्षाला पस्तीस-छत्तीस हजार वाचतील, म्हणजे वरचे पैसे फिटायला सहा-सात वर्षे. महिन्यातून दोनदा बाजाराला जाणाऱ्याचे ते जन्मात फिटणार नाहीत. त्याने आहे तीच गाडी नीट चालवावी. लांबून पाय उचलणे, ७० ची चाल, चाकातली हवा, ह्यांना हायब्रीड लागत नाही.

आता हे दांडी धरत नाहीत. माधवनगर मागे पडेपर्यंत त्यांना झोप लागते. परवा पुतण्या आला, गाडीतली वही चाळली, कोपऱ्यातले आकडे स्वतः भागून पाहिले आणि काही न बोलता गेला. संध्याकाळी बघते तर ट्रॅक्टरच्या सीटखालच्या पेटीत एक नवी शंभर पानी वही. पहिल्या पानावर तारीख, तासांच्या मीटरचा आकडा आणि भरलेल्या डिझेलचे लिटर. ती टाकी अजून संपायची आहे.